झेंडा, योग्य तो

झाशी रोडवर, टोलनाक्याच्या थोडं अलीकडे,
फायबरचा किल्ला उभा राहिलाय.
खऱ्या किल्ल्याच्या पासंगालाही न पुरणारा,
आतून पोकळ, रूळ टाकलेला.
सहा-सहा जणांची गाडी अंधारात शिरेल,
डावीकडे तोफ धूर सोडेल, उजवीकडे घोडा उधळेल,
सव्वाचार मिनिटांत अठराशे अठ्ठावन्न आटोपेल.
बाहेर पडलं की गजक, आणि आपला फोटो.

रंगकाम माझं.
पहिला महिना मानमंदिराच्या बदकांत गेला,
निळ्या पट्ट्यावर पिवळी, एकामागे एक,
मान वळवून न बघणारी.
बदकांवर कुणाचाच आक्षेप आला नाही.

मग झेंडा.

नकाशात बुरुजावर काठी होती,
आणि काठीपुढे बारीक अक्षरात: झेंडा, योग्य तो.
योग्य म्हणजे कुठला?
टंडनसाहेबांनी गॉगल कपाळावर सारला.
"इंदूरकर, आप भी ना!
गोऱ्यांचा लावलात तर तोडफोड.
संस्थानाचा लावलात तर कुणीतरी विचारणार,
तेव्हा हे नेमके कुठल्या बाजूला होते.
बंडवाल्यांचा लावलात तर त्याचा रंग कुठला
यावर दोन मोर्चे निघतील,
आणि दोन्ही आपल्याच पार्किंगमध्ये."

पांढरा लावला.
बद्री कुशवाह शिडीवरूनच हसला,
"मतलब किला सरेंडर?"
पांढराही उतरवला.

त्यानंतर उतरतच गेलं.
टोप्यांवरचे मुकुट कानशीनं घासून काढले.
लाल डगल्यांवर मातकट रंगाचे दोन हात दिले.
मिशा राहू दिल्या, मिशा दोन्हीकडे होत्या.
साचा एकच, डबा एकच,
आता बुरुजावरचे आणि बुरुजाखालचे
एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात,
वाटणीवरून भांडणारे.

चाचणीच्या दिवशी कामगारांची पोरं बसवली.
बद्रीची गुड्डन बाहेर आली ती विचारतच,
"पापा, ये लड़ किससे रहे हैं?"
बद्री म्हणाला, "ठेकेदार से."
सगळे हसले. मीही.

घरी, लष्करात, लोखंडी कपाटाच्या तळाशी
सुपारीच्या डबीत एक पितळी बटण आहे.
त्यावर मुकुट, घासून घासून गुळगुळीत.
खापरपणजोबा मुरारच्या छावणीत कोठीवर कारकून होते.
सकाळी कंपनीच्या नावे मांडलेलं तूप
रात्री बंडवाल्यांच्या नावे लिहिलं,
वर्षानं पुन्हा कंपनीच्या.
मोडी अक्षर सुरेख, कुठे खाडाखोड नाही.
'एकाही राज्यात पगार बुडाला नाही,'
असं आमच्याकडे अभिमानानं सांगत.
मग नुसतं सांगत.
मग सांगणं बंद झालं.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री,
लू थांबल्यावर, टॉर्च तोंडात धरून,
मी एका सैनिकाच्या छातीची झडप उघडली,
मोटरची वायर जिथून जाते तिथली,
आणि आतल्या बाजूला ते बटण चिकटवलं.
कुठल्या बाजूच्या सैनिकाच्या, ते सांगत नाही.
खरं तर अंधारात मलाही नीट कळलं नाही.

दर सव्वाचार मिनिटांनी तो हात उचलतो,
तेव्हा आत काहीतरी किणकिणतं, म्हणतात.
मेकॅनिकनं दोनदा ग्रीस घातलं.

काठी मात्र तशीच होती, मोकळी.
पैसे मोजून आणलेली, वाया कशी घालवायची?
तिला आता कर्णा बांधलाय.
दिवसभर सगळ्या ग्वाल्हेरला ऐकू जाईल
अशा आवाजात एक बाई सांगत असते:
कृपया बसून राहा.
कृपया हात गाडीबाहेर काढू नका.